पिसांचे रंग आणि शिकारी पक्ष्यांची ओळख

आपल्याकडच्या शिकारी पक्ष्यांमध्ये मधुबाजाइतकी रंगांची विविधता क्वचितच दुसऱ्या पक्ष्यात आढळते. एखादा मधुबाज पोटाकडून जवळजवळ पांढरा असतो, एखादा विटकरी, एखादा गडद तपकिरी. कोणाच्या छातीवर उभ्या रेघा असतात, तर कोणाच्या पोटावर आडवे पट्टे. एकाच आग्या मोहोळाभोवती घिरट्या घालणारे दोन पक्षी दोन निरनिराळ्या जातींचे वाटावेत इतके वेगळे दिसू शकतात आणि तरीही दोन्ही मधुबाजच असतात. कावळा काळा, गाय बगळा पांढरा, हळद्या पिवळा अशी रंगावरून पक्षी ओळखण्याची आपली पहिली सवय असते. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत ती सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. या पक्ष्यांच्या पिसांवरचा रंग पुष्कळ माहिती देतो, पण ती माहिती जातीच्या नावापेक्षा पक्ष्याचे वय, लिंग, मूळ प्रदेश आणि पिसे किती जुनी झाली आहेत यांविषयी अधिक असते. ती कशी वाचावी, हे नीट समजून घेतले तर माळावर किंवा घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या निरीक्षकाचा बराचसा गोंधळ दूर होतो.

दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांना आपण सोयीसाठी एकत्र मोजतो, पण शास्त्रीय वर्गीकरणात त्यांचे दोन स्वतंत्र गण आहेत. घारी, गरुड, शिक्रे, भोवते, तिसे आणि आपल्याकडची गिधाडे एका गणात येतात. बहिरी ससाणा, लग्गड, तुरमती, खरुची हे ससाण्यांचे कुळ दुसऱ्या गणात. जनुकीय अभ्यासातून असे निष्पन्न झाले आहे की ससाण्यांचे जवळचे नाते घारी-गरुडांशी नसून पोपटांशी आणि चिमण्यांच्या मोठ्या गणाशी आहे. वाकडी चोच आणि अणकुचीदार नखे ही दोन्ही गणांत स्वतंत्रपणे विकसित झाली, असे सहसा मानले जाते.

हे दोन गट वेगळे आहेत, हे मात्र जुन्या शिकारी बाजदारांना जनुकशास्त्राच्या कितीतरी आधी जाणवले होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोद म्हणजे बाजांकरवी केल्या जाणाऱ्या शिकारीचा स्वतंत्र भाग आहे. कुमाऊंच्या रुद्रदेवाच्या नावावर असलेल्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथात बाजांची विभागणी डोळ्यांच्या रंगावरून केली आहे: काळ्या डोळ्यांचे ते कृष्णाक्ष आणि पाटल म्हणजे गुलाबीसर-पिवळ्या डोळ्यांचे ते पाटलाक्ष. फारसी परंपरेतील बाजदारही ‘सियाह-चश्म’ आणि ‘गुलाब-चश्म’ असेच दोन वर्ग मानत. ससाणे बहुतेक सर्व काळ्या डोळ्यांचे, तर बाज आणि शिक्रे पिवळ्या-लाल डोळ्यांचे. पिसांच्या रंगांची एवढी सरमिसळ समोर असताना या मंडळींनी वर्गीकरणासाठी डोळा निवडला, यात त्यांच्या निरीक्षणाची खोली दिसते. हाताच्या मनगटावर पक्षी बाळगणाऱ्या माणसाला पिसांचा रंग वर्षागणिक बदलताना दिसत असणार.

पिसांना काळा, तपकिरी आणि तांबूस रंग येतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. त्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकाराने काळा व गडद तपकिरी रंग येतो, दुसऱ्याने तांबूस, विटकरी व बदामी छटा येतात. शिकारी पक्ष्यांच्या अंगावर दिसणारी जवळजवळ सगळी रंगसंगती या दोन द्रव्यांच्या प्रमाणावर आणि मांडणीवर अवलंबून असते. पूर्ण वाढलेले पीस ही आपल्या नखांप्रमाणे निर्जीव वस्तू आहे. त्याला नवा रंग चढू शकत नाही. ते झिजते, उन्हाने विटते आणि शेवटी गळून त्या जागी नवे येते. त्यामुळे पक्ष्याचा रंग बदलण्याचे मुख्य साधन पिसबदल हेच आहे. मेलॅनिनचा आणखी एक गुण आहे. ते असलेले पीस अधिक चिवट असते व लवकर झिजत नाही. अनेक पक्ष्यांच्या पंखांची टोके काळी का असतात, याचे एक कारण यात सापडते: हवेचा आणि फांद्यांचा सर्वाधिक मार त्याच टोकांना बसतो.

रंगभेदाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त फसवणारे कारण म्हणजे वय. शिक्रा हा गावाशेजारच्या आमराईत, शहरातल्या पिंपळावरही दिसणारा पक्षी घेऊ. प्रौढ नर वरून राखी-निळसर, खालून पांढऱ्यावर बारीक तांबूस आडव्या पट्ट्यांचा आणि डोळ्याने लालभडक असतो. मादी आकाराने त्याच्यापेक्षा मोठी, पाठीवर जरा तपकिरी झाक असलेली, आणि तिचा डोळा पिवळा ते नारिंगी. तरुण शिक्रा मात्र पाठीवर तपकिरी, छातीवर थेंबांसारख्या उभ्या खुणा असलेला आणि पिवळ्या डोळ्यांचा असतो. त्याच्या गळ्याच्या मधोमध एक गडद उभी रेघ उतरते. ज्याने फक्त प्रौढ शिक्रा पाहिला आहे तो या तरुण पक्ष्याला बेसरा समजण्याची दाट शक्यता असते, कारण बेसऱ्याच्या गळ्यावरही अशीच, पण अधिक जाड रेघ असते. बेसरा जंगलाचा पक्षी, वरून गडद आणि एकंदर बांध्याने नाजूक. त्याच्या गळ्याची रेघ वयाबरोबर पुसली जात नाही, शिक्र्याची मात्र प्रौढपणी अगदी फिकट होते.

तिसा या पक्ष्यात वयाचा हा खेळ डोळ्यांत दिसतो. प्रौढ तिशाचे डोळे पांढुरके, फिकट असतात आणि इंग्रजीत त्याचे नावही त्यावरूनच पडले आहे. पण तरुण तिशाचे डोळे तपकिरी असतात आणि डोकेही बरेच फिके, त्यामुळे पुस्तकातील चित्रावर विसंबणारा निरीक्षक बुचकळ्यात पडतो. अशा वेळी इतर खुणांकडे वळावे. पांढऱ्या गळ्यावर मधली एक आणि गालांवरच्या दोन अशा गडद रेघा, चोचीच्या मुळाशी नारिंगी-पिवळी त्वचा आणि बसलेला असताना जवळजवळ शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचणारी पंखांची टोके यांवरून प्रौढ तिसा निश्चित होतो. तरुण पक्ष्यात गळ्याच्या रेघा पुसट असू शकतात, पण पंख आणि शेपटीचे हे नाते तेव्हाही कायम असते.

कोकणातल्या बंदरांवर मासळीच्या वासाने जमणाऱ्या घारींमध्येही वयाचा प्रश्न वारंवार येतो. ब्राह्मणी घार प्रौढपणी विटकरी अंगाची आणि पांढऱ्या डोक्या-छातीची असते. तिला ओळखणे लहान मुलालाही जमते. तिचे पहिल्या वर्षातले पिल्लू मात्र साधारण तपकिरी असते आणि आपल्या नेहमीच्या घारीत मिसळून जाते. तेथे शेपटी मदतीला येते. साध्या घारीची शेपटी मध्ये खाच असलेली, दुभंगलेली, तर ब्राह्मणी घारीची गोलाकार. साधी घार शेपटी पूर्ण पसरते तेव्हा ती खाच नाहीशी होते, पण शेपटीचे कोपरे टोकदारच राहतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिसणारा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड तर प्रौढ होईपर्यंत तपकिरी रंगाच्या अनेक अवस्थांतून जातो. पाचरीसारखी आखूड शेपटी आणि वर उचलून धरलेले रुंद पंख पाहिले म्हणजे त्याच्या प्रत्येक अवस्थेत त्याची ओळख पटते.

भोवत्यांकडे वळले की वयाच्या जोडीला लिंगभेद येतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हे पक्षी दख्खनच्या माळरानांवर, ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांवर जमिनीलगत संथपणे तरंगत सावज शोधतात. फिकट भोवत्याचा नर पांढुरका-राखी आणि पंखाच्या टोकाशी काळी, अरुंद पाचर असलेला. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर अधिक गडद राखी, पंखाच्या वरच्या बाजूस काळी आडवी रेघ आणि पोटावर तांबूस रेघोट्या असलेला. या दोन्ही जातींच्या माद्या आणि तरुण पक्षी मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा आणि शेपटीवर आडवे पट्टे असलेले. दुरून ते एकमेकांपासून वेगळे काढणे अनुभवी निरीक्षकालाही जड जाते. तरुण फिकट भोवत्याच्या मानेभोवती फिका गळपट्टा आणि त्याच्या मागे गडद पट्टी असते, ही खूण जवळून दिसली तर निर्णय घेता येतो. शिवाय नर एकाच वर्षात राखी होत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तो अर्धा तपकिरी, अर्धा राखी असा मधल्या अवस्थेत दिसतो. माँटेग्यूच्या भोवत्यात क्वचित संपूर्ण काळपट पक्षीही जन्मतात. इतक्या निरनिराळ्या रूपांचे पक्षी एका वेळी पाहण्यासाठी गुजरातमधील वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानासारखी जागा नाही. तेथे हिवाळ्यातल्या संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरणारे भोवते शेकडोंच्या संख्येने दिसतात.

आता ज्याला वर्णरूप म्हणता येईल त्या प्रकाराकडे येऊ. वय आणि लिंग सारखे असूनही एकाच जातीतील काही पक्षी जन्मापासून फिके आणि काही जन्मापासून गडद असतात, आणि आयुष्यभर तसेच राहतात. ही वर्णरूपे एकाच घरट्यातील भावंडांतही वेगवेगळी असू शकतात. हिवाळ्यात भारतात येणारा आणि हिमालयात वीण करणारा बूटेड ईगल हा लहान गरुड याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे फिके रूप खालून शुभ्र असते आणि उड्डाणपिसे काळी, त्यामुळे दुरून तो प्रौढ पांढऱ्या गिधाडासारखा भासू शकतो. गडद रूप सगळीकडे तपकिरी, आकाराने घारीएवढेच. घारींच्या थव्यात ते सहज हरवते. पण दोन्ही रूपांत काही खुणा समान असतात. मान जेथे पंखाला मिळते तेथे दोन्ही बाजूंना एकेक छोटा पांढरा ठिपका असतो, आणि पक्षी समोरून येत असेल तर तो स्पष्ट चमकतो. वरून पाहिल्यास पंखावर तिरपा फिका पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी फिकी कमान दिसते. पंखाच्या आतल्या प्राथमिक पिसांवर फिकी पाचर असते, शेपटीवर पट्टे नसतात आणि तिला खाचही नसते. घारीत मिसळलेला गडद बूटेड ईगल शोधायचा तर आधी खाच नसलेली शेपटी शोधावी, मग ते दोन पांढरे ठिपके.

मध्य आशियाकडून येणारा लांब पायांचा बझर्ड फिक्या, तांबूस आणि गडद अशा तीन रूपांत आढळतो. फिके डोके, पट्टे नसलेली फिकी नारिंगी शेपटी, पोटावरचा गडद डाग आणि पंखाच्या मनगटाजवळचा, म्हणजे पंख जेथे दुमडतो तेथला, काळा ठिपका ही त्याची नेहमीची लक्षणे. गडद रूपात शेपटीवर पट्टे येतात, त्यामुळे तेथे शेपटीवर विसंबून चालत नाही. आकार आणि वर उचलून धरलेले पंख पाहावे लागतात. कोरड्या प्रदेशात बाभळीवर घरटे करणारा टॉनी ईगल गडद तपकिरीपासून जवळजवळ सायीच्या रंगापर्यंत कोणत्याही छटेचा असू शकतो. हिवाळ्यात त्याच्याच प्रदेशात स्टेप ईगल येतो आणि दोघेही तपकिरी असतील तर चोचीकडे पाहावे लागते. टॉनी ईगलच्या जिवणीची पिवळी रेघ डोळ्याच्या मध्याखाली संपते, स्टेप ईगलची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. तरुण स्टेप ईगलच्या पंखाखाली लांबच लांब पांढरा पट्टा असतो, तो दिसला तर चोच पाहण्याचीही गरज उरत नाही.

वर्णरूपे आनुवंशिक आहेत. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीवरील एक ग्राहक (रिसेप्टर) घडवणारे एमसीवनआर हे जनुक अनेक पक्ष्यांत गडद-फिकेपणाशी निगडित असल्याचे सिद्ध झाले आहे. भूमध्य समुद्राच्या बेटांवर वीण करणाऱ्या एलिओनोराज फाल्कन या ससाण्याची गडद आणि फिकी रूपे याच जनुकातील फरकामुळे होतात. मात्र दोन्ही रूपे पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहतात, एक दुसऱ्यावर मात का करत नाही, हा प्रश्न अधिक गहन आहे. जर्मनीतील बझर्ड पक्ष्यांच्या दीर्घकालीन अभ्यासात मधल्या छटेच्या पक्ष्यांनी आयुष्यभरात फिक्या आणि गडद पक्ष्यांपेक्षा अधिक पिल्ले वाढवल्याचे आढळले. मधल्या छटेच्या जोडप्यांना तिन्ही प्रकारची पिल्ले होत असल्याने टोकाची दोन्ही रूपे टिकून राहतात. दक्षिण आफ्रिकेत ब्लॅक स्पॅरोहॉकच्या अभ्यासाने दुसरी दिशा दाखवली: ढगाळ, मंद प्रकाशात गडद पक्ष्यांना शिकार अधिक साधते, लख्ख उजेडात फिक्यांना. आकाश जसे असेल तसा कधी एका रूपाचा, कधी दुसऱ्याचा फायदा. मला ही उपपत्ती विशेष मोलाची वाटते, कारण ती रंगाला सावजाच्या डोळ्यांतून पाहायला लावते.

मधुबाजाच्या रंगांमागे याहून वेगळे कारण सांगितले जाते. तो गरुडांच्या मानाने दुबळा पक्षी आहे. त्याचे पाय पकड घेण्यासाठी जेवढे, त्याहून अधिक उकरण्यासाठी योग्य असतात, नखे कमी वाकडी असतात आणि त्याचे अन्न म्हणजे मधमाश्या व गांधीलमाश्यांच्या अळ्या, कोश, मेण आणि मध. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी त्याची पिसे आखूड, ताठ आणि खवल्यांसारखी दाट बसवलेली असतात, त्यामुळे आग्या मोहोळावर तुटून पडल्यावर चवताळलेल्या माश्यांचे डंख कातडीपर्यंत पोहोचणे अवघड होते. असा पक्षी बलाढ्य शिकारी पक्ष्यांच्या तावडीत सापडू शकतो. म्हणून आपल्या प्रदेशातील मोरघार या बळकट शिकारी पक्ष्यासारखे रूप घेतल्याने त्याला संरक्षण मिळत असावे, असे अभ्यासक मानतात. आग्नेय आशियात याला चांगला आधार आहे. तेथील मधुबाजाच्या उपजातीत काही पक्षी त्याच जंगलातील काळ्या-पांढऱ्या गरुडाची हुबेहूब नक्कल वाटावी असे असतात. फिलिपिन्समधील मधुबाज तेथील मोरघारीसारखा, सुलावेसीतील मधुबाज सुलावेसीच्या मोरघारीसारखा. इतक्या बेटांवर हे साम्य योगायोगाने जुळून येणे कठीण.

अनुकरणाचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या घरोघरी परिचित आहे. पावसाळ्यापूर्वी ‘पेर्ते व्हा’ असा आवाज देणारा पावशा प्रौढपणी राखी पाठीचा आणि तांबूस पट्टेदार छातीचा, थेट शिक्र्यासारखा असतो. तरुण पावशा तर तरुण शिक्र्यासारखा, तपकिरी आणि ठिपकेदार छातीचा. थोडे पंख मारून थोडे तरंगण्याची शिक्र्याची उड्डाणपद्धतही त्याने उचलली आहे. सातभाई आणि इतर लहान पक्षी त्याला पाहून कलकलाट करतात. पण पावशाची चोच सरळ व बारीक असते, आकडीदार नसते. बसल्यावर तो पंख थोडे खाली सोडतो आणि शेपटी हलवतो. शिक्र्याचे पाय लांब आणि उघडे, पावशाचे आखूड. पहाटेच्या अंधुक उजेडात झाडावरच्या पक्ष्याविषयी शंका आली तर चोच आणि पाय यांवरून तिचे लगेच निरसन होते.

भौगोलिक उपजातींनीही रंगभेद निर्माण होतात. आपली नेहमीची घार ‘गोविंदा’ या उपजातीची आहे. हे नाव १८३२ साली कर्नल विल्यम सायक्स यांनी दिले. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी हे या प्रदेशातील पक्षीशास्त्राचे आरंभीचे एक महत्त्वाचे काम आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या काळ्या कानाच्या घारी आपल्या घारींपेक्षा मोठ्या असतात आणि त्यांच्या पंखाखालचा पांढरा डाग अधिक मोठा व उठावदार असतो. बहिरी ससाण्याच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर वीण करणारा शाहीन हा त्याचाच स्थानिक प्रकार: वरून गडद, खालून विटकरी, डोक्यावर काळी टोपी. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून हिवाळ्यात किनाऱ्यावर आणि मोठ्या जलाशयांवर येणारे बहिरी ससाणे खालून पांढुरके आणि एकंदर फिके. एका जातीचे हे दोन चेहरे जलाशयाच्या काठावर आणि किल्ल्याच्या कड्यावर वेगवेगळे भेटतात.

या सर्वांवर झीज, ऊन आणि प्रकाश यांचा थर चढतो. पावसाळ्यानंतर नवी पिसे धारण केलेला पक्षी आणि मे महिन्यातला तोच पक्षी यांत छटेचा मोठा फरक पडतो. मोठे गरुड सगळी उड्डाणपिसे एका वर्षात बदलत नाहीत, म्हणून त्यांच्या पंखात दोन-तीन वयांची पिसे एकत्र दिसतात, काही गडद आणि ताजी, काही विटलेली व टोकाला झिजलेली. याचा निरीक्षकाला एक उपयोग आहे. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची सगळी पिसे घरट्यातच एका वेळी वाढलेली असतात. त्यामुळे त्याच्या पंखाची मागची कड एकसारखी, अखंड दिसते, तर प्रौढ पंखाची कड उंचसखल असते. रंग समजत नसेल तेव्हा ही कड वय सांगते.

प्रकाशाची फसवणूक वेगळीच. डोक्यावर सूर्य असताना उडणारा पक्षी खालून काळाच दिसतो. लाल मातीच्या सड्यावर तरंगणाऱ्या फिक्या पक्ष्याच्या पोटावर तांबूस झाक येते, हिरव्या शेतावर हिरवट. छायाचित्रातही आकाशाच्या उजेडामुळे पक्षी गडद पडतो आणि मग घरी बसून केलेली ओळख चुकते. हिमालयातील दाढीवाले गिधाड तर लोहयुक्त चिखलात अंग घोळून आपल्या पांढऱ्या छातीला नारिंगी रंग चढवते. तो रंग पिसाचा नसतोच. दख्खनच्या धुळीच्या वाटांवर लोळणाऱ्या पक्ष्यांची पिसेही मळकट होतात, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून ओळखीचा क्रम बदलावा लागतो. आधी आकार आणि आकृती, मग पंख धरण्याची ढब, मग पंखाच्या टोकाची बोटे, मग शेपटी, आणि शेवटी रंग. पंखाची बोटे म्हणजे उडताना टोकाशी सुटी दिसणारी प्राथमिक उड्डाणपिसे. ती मोजता येतात आणि जातीनुसार त्यांची संख्या ठरलेली असते. शिक्र्याच्या पंखावर पाच, तर हिवाळ्यात येणाऱ्या युरेशियन स्पॅरोहॉकच्या पंखावर सहा. माँटेग्यूच्या आणि फिकट भोवत्याच्या पंखाला चार बोटे, दलदलीवरच्या भोवत्याला पाच. ही संख्या पक्ष्याच्या वयाने किंवा वर्णरूपाने बदलत नाही.

मधुबाजावरच हा क्रम लावून पाहू. जानेवारीत, सकाळी ऊन तापू लागल्यावर घाटमाथ्याच्या कडेने एक तपकिरी, मोठा पक्षी गोल गोल वर चढतो आहे. पोट गडद, काही खुणा दिसत नाहीत. पहिली पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे डोके. ते पारव्यासारखे लहान आहे आणि मान लांब असल्याने पुढे निघालेले दिसते. गरुडाचे डोके मोठे व जड असते. पंख सपाट धरलेले आहेत. सर्पगरुड असता तर ते वर उचललेले असते आणि त्यांच्या मागच्या कडेला एक रुंद पांढरा पट्टा चमकला असता. पंखाची बोटे सहा दिसतात, शेपटी लांब आणि कडेला किंचित गोल आहे. पंखाच्या मनगटावर काळा ठिपका नाही. तो युरोपातील मधुबाजाला असतो आणि त्याची बोटेही पाचच. येथपर्यंत रंगाला जवळजवळ हात न लावता पक्षी मधुबाज असल्याचे निश्चित झाले.

आता रंगाकडे यावे. पक्षी वळतो तेव्हा शेपटी उलगडते. तिच्यावर दोन रुंद काळे पट्टे आणि त्यांच्यामध्ये मोठा फिका भाग असेल, पंखाच्या मागच्या कडेला जाड काळी किनार असेल, चेहरा राखी आणि डोळा गडद असेल तर तो प्रौढ नर. पट्टे अरुंद व संख्येने अधिक, डोळा पिवळाजर्द असेल तर मादी. चोचीच्या मुळाशी पिवळी त्वचा आणि डोळा काळपट दिसला तर पक्षी पहिल्या वर्षाचा, कारण प्रौढांत ती त्वचा राखी असते. शिक्र्यात नराचा डोळा भडक आणि मादीचा फिका. मधुबाजात नराचा गडद आणि मादीचा पिवळा. एका जातीवरून शिकलेला नियम दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही. बसलेल्या मधुबाजाच्या मानेवर कधी छोटासा तुराही असतो, पण आपल्या दख्खनच्या मोरघारीचा तुरा कितीतरी लांब असतो आणि तिचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. मधुबाजाचे पाय पिवळे व उघडे. फिका मधुबाज व तरुण मोरघार यांची गफलत टाळण्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे.

हिवाळ्यात आपल्या स्थानिक मधुबाजांत उत्तर आशियातील स्थलांतरित मधुबाज मिसळतात आणि रंगांची गर्दी आणखी वाढते. हा पक्षी किती लांबचा प्रवास करू शकतो, हे जपानमध्ये दिसून आले: तेथे उपग्रह-यंत्रे बसवलेल्या मधुबाजांनी शरद ऋतूत पूर्व चीन समुद्र ओलांडून चीन व हिंदचीनमार्गे मलाया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सपर्यंत प्रवास केल्याचे नोंदवले गेले आहे.

या विषयाचा विस्तृत आधार ज्यांना हवा त्यांनी सलीम अली व डिलन रिप्ले यांचा दहा खंडांचा ग्रंथ आणि रिशाद नवरोजी यांचे भारतीय उपखंडातील शिकारी पक्ष्यांवरील २००६ सालचे पुस्तक पाहावे. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ आहे. वाचनाच्या जोडीला स्वतःच्या नोंदीही हव्यात. रंगभेदाची नोंद नीट झाली तर ती संवर्धनाला थेट उपयोगी पडते. पांढऱ्या गिधाडाचे पिल्लू गडद तपकिरी असते आणि प्रौढ शुभ्र रूप यायला त्याला सुमारे पाच वर्षे लागतात. मधल्या वर्षांत ते तपकिरी-पांढरे, मळकट आणि डागाळलेले दिसते. म्हणजे एखाद्या कचरा-डेपोवर जमलेल्या पांढऱ्या गिधाडांत तपकिरी, मधले आणि पांढरे पक्षी किती हे वेगळे लिहिले तर त्या भागात पिल्ले वाढत आहेत की नाही हे कळते. जनावरांच्या औषधातील डायक्लोफिनॅकमुळे आपल्या गिधाडांची वाताहत झाली आणि २००६ साली त्या औषधावर पशुवैद्यकीय वापरासाठी बंदी आली. तेव्हापासून अशा नोंदींची गरज वाढली आहे. फक्त ‘पाच गिधाडे’ एवढे लिहिणाऱ्याच्या वहीतून ही माहिती मिळत नाही. शक्य असेल तेथे उडत्या पक्ष्याची खालून, वरून आणि बाजूने अशी छायाचित्रे घ्यावीत, आणि रंगासोबत पंखाची कड, शेपटीचे पट्टे, डोळा व चोचीच्या मुळाची त्वचा यांचा उल्लेख तारखेसह करावा. उजेड कोणत्या बाजूने होता, हेही त्याच ओळीत लिहावे.